नाताळ सरल्यानंतर

कोणताही सण मांडायला दहा हात पुढे येतात आणि आवरायला दोनच हात मागे उरतात. बहुतेक घरांत ते दोन हात आईचे असतात. नाताळही याला अपवाद नाही. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात माळ्यावरची खोकी खाली उतरू लागली की घरातील लहानथोर सारे शिडीभोवती गोळा होतात. जानेवारीचा पहिला आठवडा उलटला की त्याच वस्तू डोळ्यांना खुपू लागतात. दारावरची कागदी चांदणी वाऱ्याने फाटत जाते, झाडावरचे काचेचे गोळे धुळीने माखतात, गोठ्यातील पेंढा सुकून जमिनीवर सांडतो. मग एखाद्या रविवारी दुपारी कोणीतरी वैतागून सारे एका पोत्यात कोंबते आणि ते पोते पुन्हा माळ्यावर जाते. ‘गरज सरो आणि वैद्य मरो’ ही म्हण माणसांसाठी असली, तरी आपण ती वस्तूंनाही बिनदिक्कत लागू करतो.

सजावट आवरणे हा सणाचाच शेवटचा भाग आहे आणि तो मांडणीइतक्याच मनःपूर्वक व्हावा, असे माझे मत आहे. हे मत मला कोणत्या पुस्तकातून मिळालेले नाही. त्याची किंमत आमच्या कुटुंबाने एका नाताळच्या रात्री मोजली आहे. तो प्रसंग ओघाने पुढे येईलच.

उतरवण्याचा मुहूर्त

आपल्याकडे बहुतेक सणांना जसा आरंभ आहे तसाच शेवटही आहे. गणपतीला निरोप देण्यापूर्वी उत्तरपूजा होते, नवरात्राचे घट विधिपूर्वक उठवले जातात, गौरींचे मुखवटे पुसून, कापडात गुंडाळून पुढील वर्षासाठी ठेवले जातात. म्हणजे निरोपालाही स्वागताइतकाच मान आहे. नाताळचा शेवटही पंचांगात ठरलेला आहे. मात्र घरोघरी तो फारसा पाळला जात नाही.

नाताळनंतरचा बारावा दिवस म्हणजे ६ जानेवारी. पूर्वेकडून आलेल्या तीन राजांनी बाळ येशूचे दर्शन घेतले, त्याचा हा स्मरणदिन. या दिवशी गोव्यात रेईश मागूश, चांदोर आणि कासावली येथे तीन राजांचे फेस्त मोठ्या थाटाने साजरे होते. त्यानंतर येशूच्या बाप्तिस्म्याचा सण येतो आणि कॅथलिक उपासनेतील नाताळचा काळ तेथे संपतो. काही ठिकाणी गोठा २ फेब्रुवारीपर्यंत ठेवण्याची जुनी प्रथा आहे. नाताळपासूनचा तो चाळिसावा दिवस; त्या दिवशी मंदिरात मेणबत्त्यांना आशीर्वाद दिला जातो. आपण यांपैकी कोणता दिवस धरतो, याला फारसे महत्त्व नाही. एक दिवस ठरलेला असावा आणि त्या दिवशी घरातील सर्वांनी एकत्र बसावे, एवढेच माझे म्हणणे आहे. ठरलेल्या दिवसाअभावी होते ती केवळ उचलाउचल. तिला आवराआवर म्हणता येत नाही.

बँकेत काम करणाऱ्या आम्हा मंडळींना ही गोष्ट वेगळी सांगावी लागत नाही. दिवसअखेरीस रोकड जुळल्याशिवाय तिजोरी बंद होत नाही आणि ३१ मार्चचा हिशेब लागल्याशिवाय नव्या वर्षाची खाती खऱ्या अर्थाने सुरू होत नाहीत. कार्यालयात इतकी शिस्त अंगी बाणवणारे आपण घरी आलो की मात्र जुन्या वर्षाचा हिशेब पोत्यात भरून मोकळे होतो, ही विसंगतीच म्हणावी लागेल.

गोठ्याचा वारसा

नाताळच्या सजावटीत सर्वांत जुनी आणि सर्वांत जिव्हाळ्याची गोष्ट म्हणजे गोठा. असिसीचे संत फ्रान्सिस यांनी इटलीतील ग्रेच्चो या गावी १२२३ साली गव्हाणी, गाय आणि गाढव यांच्यासह येशूजन्माचा देखावा उभा केला आणि तेथून ही परंपरा लोकप्रिय झाली, असे मानले जाते. २०२३ साली या घटनेला आठशे वर्षे पूर्ण झाली. भारतात तर प्रत्येक प्रांताने हा गोठा आपल्या मातीचा करून घेतला. केरळात तो ‘पुल्कूड’ म्हणजे गवताची झोपडी झाला, तमिळनाडूत ‘कुडिल’ झाला, हिंदी भाषक प्रदेशात ‘चरनी’ आणि गोव्यात ‘गोठो’. वसईच्या वाड्यांत तर अंगणभर पसरलेले नाताळगोठे तरुण मुले रात्री जागवून उभारतात. त्यांत विहीर, रहाट, भाताची खाचरे असे आपलेच गाव हुबेहूब उतरलेले असते.

आवरण्याच्या दृष्टीने या गोठ्यात दोन प्रकारच्या वस्तू असतात. एक, मातीला परत जाणाऱ्या आणि दुसऱ्या, पुढच्या पिढीकडे जाणाऱ्या. पेंढा, सुकलेले गवत, हिरवळीसाठी पंधरा दिवस आधी ताटलीत पेरलेली नाचणी ही पहिल्या प्रकारातली. सण सरल्यावर हे सारे झाडांच्या मुळाशी किंवा खताच्या खड्ड्यात जावे. त्यापेक्षा चांगली जागा त्याला नाही. मरिया, योसेफ, मेंढपाळ, राजे, गाय आणि गाढव यांच्या मूर्ती मात्र दुसऱ्या प्रकारातल्या. हे दोन प्रकार वेगळे करण्याची तसदी न घेतल्यास काय होते, हे मी स्वतः अनुभवले आहे.

आमच्या घरचा मूर्तींचा संच वडिलांनी १९६१ साली मुंबईहून आणला होता. प्लास्टरच्या साध्या मूर्ती. मोठ्या किमतीच्या मुळीच नव्हत्या. बाळ येशूची मूर्ती तर बोटाएवढीच होती. १९९८ च्या जानेवारीत मला बदलीच्या गावी रुजू व्हायची घाई होती. आईने ‘मी करते सावकाश’ असे म्हटले असताना मीच गोठा एका दुपारी उचलला. मूर्ती खोक्यात भरल्या, मोजल्या नाहीत, आणि पेंढ्याची मोळी वाडीतल्या खड्ड्यात नेऊन टाकली.

त्या वर्षीच्या २४ डिसेंबरला रात्री देवळात निघण्यापूर्वी आईने खोके उघडले. बाळाची मूर्ती गव्हाणीत त्या रात्रीच ठेवायची असते, म्हणून ती शेवटी बाहेर काढतात. बाकी सर्व मूर्ती होत्या, बाळ नव्हते. आम्ही खोके उलटेपालटे केले, माळा धुंडाळला. पेंढ्याबरोबर ती मूर्ती खड्ड्यात गेली, हे माझ्या ध्यानात आले तेव्हा मला मान वर करवेना. आई बहात्तर वर्षांची होती. ती काही बोलली नाही. तिने आपला धुतलेला पांढरा रुमाल काढला, त्याची घडी केली आणि ती गव्हाणीत ठेवली. म्हणाली, “यंदा एवढंच. चला, देवळात जायला उशीर होतोय.”

पुढे आम्ही नवी मूर्ती आणली. ती मरियेच्या मानाने मोठी आहे आणि तिचा रंगही जुळत नाही. त्या मूर्तीकडे पाहिले की आजही मला त्या दुपारची घाई आठवते.

या वस्तूंमागचे हात

सजावटीच्या वस्तू आपण क्षुल्लक समजतो, कारण त्या घडवणारे हात आपल्याला दिसत नाहीत. झाडावर टांगावयाचे काचेचे गोळे एकोणिसाव्या शतकात जर्मनीतील लाउशा या गावच्या काचकारागिरांनी घडवले आणि तेथून ते जगभर पोहोचले. आपल्या देशात बांगड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या फिरोजाबादच्या भट्ट्यांतूनही नाताळचे काचेचे दागिने तयार होऊन परदेशी जातात. श्रीनगरचे कारागीर कागदाचा लगदा साच्यावर थापतात, वाळवतात, घासून गुळगुळीत करतात, त्यावर बारीक कुंचल्याने फुलापानांची नक्षी रंगवतात आणि वर रोगण चढवतात. तो हलका गोळा मग दूरदेशीच्या एखाद्या झाडावर झुलतो. बनवणारा एका धर्माचा, विकणारा दुसऱ्या आणि टांगणारा तिसऱ्या, असे आपल्या देशात सहज घडते. आपल्या दारावरच्या कागदी चांदणीचेही तेच आहे. बांबूच्या कामट्या, पतंगी कागद आणि खळ यांची हीच विद्या दिवाळीच्या आकाशकंदिलातही दिसते.

ज्या वस्तूमागे असे कष्ट आहेत, ती एका महिन्यात कचऱ्यात जाणे मला तरी शोभादायक वाटत नाही.

जतन कसे करावे

आता थोडे व्यवहाराचे. आपल्याकडे, विशेषतः कोकण किनाऱ्यावर, सजावटीच्या वस्तूंचा खरा शत्रू पावसाळा आहे. जानेवारीत ठेवलेल्या वस्तू पुढच्या डिसेंबरपर्यंत चार महिन्यांच्या दमट हवेतून पार व्हायच्या असतात, हे ध्यानात ठेवूनच त्या ठेवाव्यात.

प्लास्टरच्या मूर्ती पाण्याने धुऊ नयेत. प्लास्टर पाणी शोषून घेते आणि रंगाचे पोपडे निघतात. मऊ कुंचल्याने धूळ झटकावी आणि प्रत्येक मूर्ती जुन्या सुती कापडात स्वतंत्र गुंडाळावी. यासाठी जुन्या मलमलीच्या साडीसारखे कापड नाही. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधल्यास आतला ओलावा आतच राहतो. वर्तमानपत्राची शाई फिक्या रंगांना लागते, म्हणून आतून कापड किंवा कोरा कागद आणि बाहेरून वर्तमानपत्र, असा क्रम ठेवावा.

काचेच्या गोळ्यांसाठी अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे किंवा सफरचंदांच्या पेटीतील खोलगट पुठ्ठे उत्तम. रबरबँड मात्र कशालाच लावू नयेत. आपल्या उन्हाळ्यात ते वितळून चिकटतात. त्यांच्या जागी सुतळी किंवा नाडी वापरावी. मेणाच्या वस्तू पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवल्यास मे महिन्यात आकार सोडतात. त्यांना खालच्या कपाटात जागा द्यावी. कागदी चांदणी मूळच्या घड्यांवरच मिटावी, आतला दिवा आणि होल्डर काढून वेगळा ठेवावा. डांबराच्या गोळ्या टाकण्याची सवय अनेक घरांत आहे; पण त्यांच्या संगतीत काही प्रकारचे प्लास्टिक मऊ पडते आणि लहान मुलांच्या हाती त्या लागल्यास धोका असतो. त्यापेक्षा औषधांच्या वा पादत्राणांच्या खोक्यांत येणाऱ्या ओलावा शोषणाऱ्या पुड्या जमवून ठेवाव्यात आणि पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरात, एकदा खोके उघडून सावलीत हवा द्यावी.

दिव्यांच्या माळांबद्दल विशेष सांगावेसे वाटते. न्यूयॉर्क येथे १८८२ साली एडिसन यांचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनी नाताळच्या झाडावर विजेचे दिवे लावले. त्यापूर्वी झाडावर खऱ्या मेणबत्त्या पेटवीत आणि शेजारी पाण्याची बादली ठेवीत. विजेने ती भीती कमी केली. परंतु उंदराने कुरतडलेल्या किंवा चिकटपट्टीने सांधलेल्या तारेने ती पुन्हा घरात येते. म्हणून माळ उतरवल्यावर ती एकदा लावून पाहावी, तार बोटांनी नव्हे तर डोळ्यांनी, प्लग काढून, तपासावी आणि पुठ्ठ्याच्या पट्टीवर सैलसर गुंडाळावी. बिघाड असल्यास तेव्हाच दुरुस्तीला द्यावी. जानेवारीत कारागिराला सवड असते. २३ डिसेंबरच्या संध्याकाळी ती नसते. दुरुस्तीपलीकडे गेलेली माळ ओल्यासुक्या कचऱ्यात न टाकता इलेक्ट्रॉनिक कचरा स्वीकारणाऱ्यांकडे द्यावी. खेळण्यातल्या दिव्यांचे सेल तर काढूनच ठेवावेत. वर्षभर आत राहिलेला सेल पाझरतो आणि दिवा कायमचा निकामी करतो.

थर्मोकोलविषयीही एक शब्द. महाराष्ट्रात २०१८ साली सजावटीच्या थर्मोकोलवर बंदी आली आणि १ जुलै २०२२ पासून ती देशभर लागू झाली. थर्मोकोलचा बर्फ आणि थर्मोकोलची घरे यांचा जमाना त्याबरोबर सरला, हे बरेच झाले. कापूस, कापड, लाकूड आणि पुठ्ठा यांनी ती जागा सहज भरून निघते, आणि या वस्तू नीट ठेवल्यास कित्येक वर्षे टिकतात.

काही आक्षेप

यावर काही वाचक म्हणतील की, आजच्या दोन खोल्यांच्या सदनिकेत माणसांनाच जागा नाही, तेथे सजावट कोठे जपायची? हा आक्षेप खरा आहे. परंतु जागेची अडचण हे कमी वस्तू बाळगण्याचे कारण आहे. दरवर्षी नव्या घेऊन जुन्या टाकण्याचे ते कारण होऊ शकत नाही. एका मध्यम आकाराच्या पत्र्याच्या पेटीत मावेल एवढीच सजावट आपली, असा नियम करून पाहावा. पेटी भरली की नव्या वस्तूसाठी एक जुनी कोणाला तरी द्यावी. घेणारे मिळतात, एखादी शाळा, वृद्धाश्रम, पहिल्यांदाच आपले घर मांडणारे जोडपे.

दुसरे म्हणतील, नव्या वस्तूंतच मुलांचा आनंद असतो. शिवाय सर्वांनी जुनेच वापरले तर विकणाऱ्यांनी काय करावे? डिसेंबरात पदपथावर चांदण्या विकून चार पैसे मिळवणाऱ्यांचा विचार माझ्याही मनात येतो. म्हणून मी ‘काहीच घेऊ नका’ असे म्हणणार नाही. दरवर्षी एक वस्तू घ्यावी, मुलांना निवडू द्यावी, ती हाताने बनवलेली असावी आणि तिच्यावर मागच्या बाजूस वर्ष लिहावे. दहा वर्षांनी त्या दहा वस्तू म्हणजे मुलांच्या बालपणाची नोंदवही होते. महिनाभरात फाटणाऱ्या दहा स्वस्त वस्तूंपेक्षा अशा एका वस्तूने कारागिराचाही अधिक सन्मान होतो.

तिसरा विचार आपल्या कार्यालयांचा. शाखांतून दसरा, दिवाळी, नाताळ, वर्धापनदिन असे सर्व प्रसंग हौसेने साजरे होतात आणि त्यानंतर सजावट अभिलेख कक्षात जुन्या व्हाउचरांच्या गठ्ठ्यांवर जाऊन पडते. पुढच्या वर्षी ती कोणाला सापडत नाही आणि पुन्हा खरेदी होते. शाखेत या वस्तूंसाठी एक पेटी, एक यादी आणि दोन जबाबदार व्यक्ती एवढी व्यवस्था पुरेशी आहे. तिजोरीला दोन किल्ल्या असतात, त्यामागचे शहाणपण येथेही लागू पडते. एक बदलून गेला तरी दुसऱ्याला ठाऊक असते.

यादी

त्या नाताळनंतर, १९९९ च्या जानेवारीत, आईने माझ्या मुलीला जवळ बसवून एक यादी लिहून घेतली. प्रत्येक मूर्ती हातात घेऊन ती सांगत गेली आणि मुलगी वहीच्या कागदावर लिहीत गेली. कोणता मेंढपाळ वडिलांनी पुन्हा रंगवला, गाईचे शिंग कोणाच्या हातून मोडले, तिसरा राजा कोणत्या वर्षी पडून पुन्हा चिकटवला गेला, हे सारे त्या यादीत आले. आम्हा भावंडांपैकी कोणालाही त्यातले निम्मे ठाऊक नव्हते. मूर्ती आवरण्याच्या निमित्ताने घराचा इतिहास प्रथमच कागदावर उतरला. तो कागद पेटीच्या झाकणाला आतून चिकटवला आहे.

आई २००९ साली गेली. त्यानंतर घरातील भांडी, दागिने, कपाटे यांची वाटणी सुरळीत झाली. प्रश्न उभा राहिला तो या पेटीचा. तिघांनाही ती हवी होती. मूर्ती वाटून घेण्याची सूचना आली तेव्हा आम्ही तिघेही एकदम नको म्हणालो. शेवटी असे ठरले की, पेटी दरवर्षी पाळीपाळीने एकेका घरी जाईल. आजही ६ जानेवारीनंतरच्या एका रविवारी तिन्ही कुटुंबे एकत्र जमतात. धूळ झटकली जाते, कापड गुंडाळले जाते, नातवंडांपैकी एक जण यादी वाचतो, दुसरा मूर्ती दाखवतो आणि पेटी पुढच्या घरच्या ताब्यात दिली जाते, मोजून. कार्यभार सोपवण्याची ही पद्धत मी बँकेत शिकलो. घरात ती इतकी उपयोगी पडेल, असे वाटले नव्हते. पूर्वी नाताळच्या दिवशी तिघांना एकत्र येणे जमत नसे. आवरण्याच्या दिवशी मात्र कोणी चुकत नाही.

वाचकहो, आपल्या घरी गोठा असेल, गौरीचे मुखवटे असतील, आकाशकंदिलाचा सांगाडा असेल किंवा मुलांनी शाळेत बनवलेली एखादी वेडीवाकडी चांदणी असेल. यंदा ती आवरायला घरातील सर्वांना बोलवा आणि वडीलधाऱ्यांना तिच्याविषयी विचारा. ते सांगतील ते लिहून घ्या. पेटीला कुलूप नसले तरी चालेल. यादी मात्र असावी. आमच्या यादीची पहिली ओळ आईने मुद्दाम ठळक अक्षरांत लिहवून घेतली होती : ‘बाळ, १. हे आधी ठेवावे, वेगळ्या डबीत.’